डांटेसाठी केबल कुठली टाकू? एकजण म्हणतो कॅट ७, दुसरा म्हणतो कॅट ५ई पण चालेल

फेडरवाला:
नमस्कार मंडळी. एका सभागृहाच्या साउंडचं काम निघालंय, जुना ॲनालॉग स्नेक (सगळे माइक एकत्र मिक्सरला नेणारी जाड केबल) काढून सगळं डिजिटल करायचंय. मिक्सर मागे, स्टेज पुढे, भिंतीतून फिरून जाणारा रस्ता धरला तर केबल साधारण ६० मीटर होते. मिक्सर ते स्टेजबॉक्स (स्टेजवरचे माइक जोडायची पेटी) एईएस ५० या डिजिटल ऑडिओ लिंकवर आहे, आणि मिक्सरमध्ये डांटेचं (नेटवर्कवरून ऑडिओ नेणारी पद्धत) कार्ड टाकून तिथून ॲम्प्लिफायर, बाल्कनीचे डिले स्पीकर आणि रेकॉर्डिंगचा कॉम्प्युटर असं सगळं डांटेवर न्यायचंय. आता केबलवरून डोकं फिरायची वेळ आलीय. ज्याला काम दिलंय तो म्हणतो कॅट ७ च टाका, ऑडिओ आहे म्हटल्यावर भारीतलीच केबल पाहिजे, नंतर पस्तावाल. नेटवर्किंगमधला एक मित्र म्हणतो कॅट ५ई वर पण आरामात गिगाबिट जातं, उगाच पैसे घालू नका. तिसरा म्हणतो शिल्डवाली (तारांभोवती धातूचं आवरण असलेली) घ्या, चौथा म्हणतो शिल्डवाली अजिबात घेऊ नका हम (गुणगुण) येईल. भिंतीतला पाइप एकदा बंद झाला की परत उघडता येणार नाही म्हणून विचारतोय, नक्की काय घ्यावं आणि टाकताना काय सांभाळावं?

रॅकच्यामागे:
मित्राचं बरोबर आहे, पण अर्धं.

आधी हिशोब करू. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट म्हणजे एका चॅनलला सेकंदाला साडेअकरा लाख बिट. ६४ चॅनल धरले तरी ७४ मेगाबिटच्या आसपास, पॅकेटवरचं ओझं मिळवलं की शंभरच्या घरात. गिगाबिट म्हणजे हजार. म्हणजे केबलवर रस्ता मोकळाच पडलेला असतो, आणि गिगाबिट १०० मीटरपर्यंत न्यायला कॅट ५ई पुरतेच, ती त्याच्यासाठीच तर आहे. त्यामुळे "ऑडिओ आहे म्हणून कॅट ७" याला काही अर्थ नाही. कॅट ७ चा घोळ असा की तिच्यासाठी स्टँडर्डमध्ये जो कनेक्टर धरलाय तो आपला नेहमीचा आरजे ४५ (नेटवर्क केबलचा साधा प्लग) नाहीच, मग बाजारात कॅट ७ म्हणून आरजे ४५ लावलेली जी केबल मिळते ती नक्की कशाला पास झालीय हे कोणी सांगत नाही. वर जाड आणि ताठ, पाइपमधून वळवताना जीव जातो.

मी तुमच्या जागी असतो तर कॅट ६ टाकली असती. वेग हवा म्हणून नव्हे. तिच्यातली तार जरा जाड असते, बहुतेक वेळा २३ गेज, कॅट ५ई मध्ये २४ (गेजचा आकडा लहान तितकी तार जाड). उद्या पीओईवर (नेटवर्क केबलमधूनच वीज घेऊन) चालणारं काही लावायचं झालं तर बरं पडतं. आणि भिंत फोडायचीच आहे तर दोन्हींच्या किमतीतला फरक मजुरीपुढे काहीच नसतो.

पण कॅटच्या आकड्यापेक्षा एक गोष्ट दहापट महत्त्वाची, केबल शुद्ध तांब्याची आहे का ते बघा. अ‍ॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली केबल, जिला सीसीए म्हणतात, ती सर्रास कॅट ६ छापून विकली जाते. ब्लेडनं एक तार जरा खरवडायची. आतून लालसरच दिसली तर तांबं, पांढरी चंदेरी दिसली तर सरळ परत करा. कधीकधी उलटं असतं, वरून कल्हई म्हणून चंदेरी आणि आतून तांबं, ती ठीक आहे, म्हणून नुसतं वरून बघून ठरवू नका, खरवडाच. सीसीएची तार कीस्टोनमध्ये (भिंतीच्या सॉकेटमधला जोड) पंच करताना, म्हणजे दाबून बसवताना, तुटते, दोनतीनदा वाकवली की तुटते, आणि रेझिस्टन्स तांब्याच्या दीडपटीच्या वर जातो. आज चालेल, सहा महिन्यांनी कुठला तरी एक चॅनल खर्र करेल आणि तुम्ही मिक्सरला दोष देत बसाल.

सोनेरीकान:
सगळेजण आकडेच बोलतायत म्हणून लिहितो. माझ्या स्ट्रीमरला आधी साधी केबल होती, आता कॅट ८ ची चांदीचा मुलामा दिलेली लावलीय, वरच्या पट्टीत जो मोकळेपणा आलाय तो कानाला कळतो. मोजमापात सगळं येत नाही. सभागृहात तर फरक अजून जाणवेल, मी तर म्हणतो केबलवर कंजुसी करू नका.

पॅकेटपांडू:
सोनेरीकान साहेब, तुमच्या कानाविषयी मी काही बोलत नाही, पण केबल काय करते ते सांगतो. इथरनेटच्या प्रत्येक फ्रेमच्या शेवटी एक तपासणीचा आकडा असतो. वाटेत एक बिट जरी उलटं झालं तरी तो आकडा जुळत नाही आणि ती अख्खी फ्रेम फेकून दिली जाते. घरच्या स्ट्रीमरमध्ये ती परत मागवली जाते, बफर भरलेला असतो, तुम्हाला पत्ताही लागत नाही. डांटेत परत मागवणं नाही, तेवढा वेळच नसतो, लेटन्सी (आवाज पोचायला लागणारा वेळ) मुळात १ मिलिसेकंदावर असते. म्हणजे फ्रेम गेली तर आवाजात टिक किंवा भोक. म्हणजे केबल खराब असेल तर टिकटिक येईल, आवाज तुटेल, चॅनल गायब होईल. पण ट्रेबल कमी झालं, बेस सैल झाला, असलं काही व्हायला जागाच नाही, कारण केबलला कुठलं बिट ट्रेबलचं हे माहीतच नसतं. राहिली कॅट ८, ती ३० मीटरच्या आतल्या २५ आणि ४० गिगाबिटसाठी, डेटा सेंटरच्या कामाची. ६० मीटरच्या सभागृहात तिचं काय काम.

फेडरवाला:
धन्यवाद सगळ्यांना. रॅकच्यामागे सर, ब्लेडची युक्ती आजच करून बघतो, आणलेला एक बॉक्स पडलाय. शिल्डचं मात्र अजून कळलं नाही. घेऊ की नको?

स्टेजमागची:
शिल्डचं उत्तर तुमच्या सिस्टिममध्ये दोन वेगवेगळं आहे आणि त्यामुळेच तुम्हाला चार लोकांनी चार गोष्टी सांगितल्यात. डांटे वेगळं, एईएस ५० वेगळं. केबल दिसायला एकच म्हणून लोक दोन्हींना एकच समजतात.

डांटे हे सरळ इथरनेट आहे, स्विचमधून (नेटवर्कच्या केबल एकत्र जोडणारा डबा) जातं, त्याला चांगली अनशिल्डेड कॅट ६ पुरते. प्रत्येक जोडीला पीळ असतो तो बाहेरचा त्रास मारायलाच असतो, आणि पोर्टमध्ये दोन्ही बाजूंना ट्रान्सफॉर्मर असतो म्हणून अनशिल्डेडमधून हम यायचा प्रश्न येत नाही.

एईएस ५० मात्र इथरनेटचं नेटवर्क नाही. कनेक्टर तोच, केबल तीच, पण स्विचमध्ये लावलं तर काहीच चालणार नाही, एका टोकाला मिक्सर आणि दुसऱ्याला स्टेजबॉक्स, मध्ये काही नको. दोन जोड्यांवरून ऑडिओ जातो, दोन्ही दिशांना ४८ चॅनल, आणि उरलेल्या दोन जोड्यांवरून क्लॉक (उपकरणं एका तालात ठेवणारा सिग्नल). म्हणजे चारही जोड्या कामाला लागलेल्या असतात. आणि याला स्टॅटिकचा जबरदस्त त्रास आहे. कोरड्या हवेत गालिच्यावरून चालत येऊन कोणीतरी स्टेजबॉक्सला हात लावतं, बारीक ठिणगी पडते, आणि सगळा आवाज क्षणभर जातो. किंवा लिंक सुटून परत जुळेपर्यंत शांतता. लोकांना वाटतं मिक्सर बिघडला, तिकडं मिक्सर बिचारा ठणठणीत असतो.

म्हणून स्टेजबॉक्सच्या मॅन्युअलमध्ये शिल्डेड कॅट ५ई आणि टोकांना इथरकॉन (धातूच्या नळीतला आरजे ४५) असं लिहिलेलं असतं, ते शोभेसाठी नाही. शिल्ड आरजे ४५ च्या धातूच्या कवचाला जोडलेलं पाहिजे, ते कवच इथरकॉनच्या धातूच्या नळीला टेकलेलं पाहिजे आणि नळी पेटीच्या बॉडीला. ही साखळी दोन्ही टोकांना पूर्ण झाली तर ठिणगी बाहेरून बॉडीवरून निघून जाते, एकीकडे जरी सुटली तरी शिल्ड असून नसल्यासारखं. तपासायला सोपं आहे, केबल दोन्हीकडून काढायची आणि मल्टिमीटरनं एका टोकाच्या नळीपासून दुसऱ्या टोकाच्या नळीपर्यंत कंटिन्यूटी बघायची. बीप आलं पाहिजे. ६० मीटरची केबल भिंतीत गेल्यावर दुसरं टोक हाताला येणार नाही, म्हणून दुसरीकडं नळी आणि एक तार क्लिपनं जोडून त्या तारेवरून बघा, म्हणजे एकट्या माणसालाही जमतं.

मध्ये पॅच पॅनल (केबल आणून जोडायची सॉकेटची पट्टी) किंवा भिंतीवरचं सॉकेट घालणार असाल तर ते पण धातूचं शिल्डेडच हवं. प्लॅस्टिकचा एक कपलर घातला की साखळी तुटली. माझं मत विचाराल तर एईएस ५० च्या वाटेत जोड जितके कमी तितकं बरं.

फेडरवाला:
ताई, हे मला कोणीच सांगितलं नव्हतं. स्टेजवर गालिचाच आहे! म्हणजे एईएस ५० साठी शिल्डेड आणि डांटेसाठी साधी, असं दोन प्रकारचं घ्यायचं? की सगळीच शिल्डेड घेऊन टाकू?

स्टेजमागची:
सगळी शिल्डेड घेतली तरी चालतं, पण मग सगळीकडे नीट टर्मिनेट करायची तयारी ठेवा. अर्धवट जोडलेलं शिल्ड हे नसलेल्यापेक्षा वाईट, नुसतं अँटेना होऊन बसतं. दोन रंगांचं जॅकेट घ्या, शिल्डेड एका रंगाची आणि साधी दुसऱ्या, म्हणजे कधीतरी घाईत कोणी एईएस ५० ची वायर स्विचमध्ये खुपसणार नाही. हे होतंच.

जोडीचापीळ:
मी केबलिंगचं काम करतो, ऑडिओचं नाही, पण इथं सगळे केबल कुठली यावरच बोलतायत आणि टाकायची कशी यावर कोणी फारसं बोलत नाही म्हणून लिहितो, कारण चांगली केबल वाईट टाकली तर ती वाईटच केबल.

भिंतीत जाणारी केबल सॉलिड (एकसंध) तारेची, स्टेजवर इकडे तिकडे फिरणारी स्ट्रँडेड (बारीक तारांचा जुडगा). सॉलिड रोज गुंडाळली उलगडली की आतून तुटते, स्ट्रँडेड लांब टाकली की सिग्नल जास्त पडतो. नेटवर्कवाले ९० मीटर पक्की आणि १० मीटर पॅचकॉर्ड (टोकाची सुटी छोटी केबल) असा हिशोब धरतात तो यासाठीच. तुमचं ६० आहे म्हणजे चिंता नाही. सॉलिड तारेवर थेट प्लग क्रिम्प करायचा मोह टाळा, भिंतीत सॉकेट किंवा पॅच पॅनलला पंच करा आणि तिथून बाहेर तयार फॅक्टरीचा पॅचकॉर्ड. आणि प्लग लावायचाच झाला तर सॉलिडचा प्लग वेगळा आणि स्ट्रँडेडचा वेगळा येतो, आतल्या पिनेचे दात वेगळे असतात, नुसतं बघून पटकन कळत नाही, पाकिटावर लिहिलेलं असतं.

पंच करताना पीळ शेवटपर्यंत ठेवायचा. कॅट ५ई ला फार तर १३ मिलिमीटर उलगडा, कॅट ६ ला त्याच्याहून कमी ठेवा. नवीन पोरं सरळ दोनतीन इंच उलगडतात, तारा छान ओळीत लावतात, दिसायला सुबक, आणि नेमकी तिथंच वाट लागते. रंगाचा क्रम ५६८ बी धरा, पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. निळी जोडी मध्ये आणि हिरवी तिच्या दोन बाजूंना, हे मुद्दाम आहे. काहीजण आपल्या मनानं चारी जोड्या ओळीनं लावतात, दोन्ही टोकांना सारख्याच. साधा दिवेवाला टेस्टर एकापाठोपाठ आठही दिवे लावून पास म्हणतो, कारण तार इकडून तिकडं जातेच की. पण ३ आणि ६ या पिनांवर एकाच जोडीच्या तारा नसतात, दोन वेगवेगळ्या जोड्यांची एकेक तार असते, त्यामुळे पीळ निरुपयोगी होतो. अशा केबलवर लिंक लागते, वर जरा लोड आला की फ्रेम पडायला लागतात. आठ दिवे लागले म्हणून खूश होऊ नका.

ओढताना जोर लावू नका, ११० न्यूटन ही मर्यादा असते, म्हणजे साधारण ११ किलोचं वजन लोंबकळल्याइतकं. कोपऱ्यात केबलच्या जाडीच्या चौपट त्रिज्येपेक्षा लहान वळण नको. झिप टाय करकचून आवळू नका, वेल्क्रो वापरा. आणि जितक्या लागतील त्यापेक्षा दोनतरी जादा ओढून ठेवा. पाइप बंद होणार म्हणताय ना, मग आत एक ओढदोरी पण सोडून ठेवा.

फेडरवाला:
दादा, खूपच कामाचं. अजून एक, लाइटचा डिमर रॅक स्टेजच्या त्याच बाजूला आहे आणि वीजवाला म्हणतो त्याच पाइपमधून नेऊ, जागा आहे. नेऊ का?

जोडीचापीळ:
नाही. विजेच्या केबलसोबत एकाच पाइपमध्ये सिग्नलची केबल हे सुरक्षेसाठीच चुकीचं, आवाजाचा विषय नंतर. वेगळा पाइप, मध्ये अंतर, आणि कुठे ओलांडावंच लागलं तर काटकोनात. डिमरच्या तारांतून तर सगळ्यात जास्त घाण निघते, त्यांच्या समांतर लांबवर जाऊ नका.

रॅकच्यामागे:
यात एक भर. बाल्कनी वेगळ्या इमारतीत किंवा वेगळ्या वीजजोडावर नाही ना? दोन इमारतींच्या अर्थिंगमध्ये फरक असतो, मग शिल्डमधून तो करंट वाहायला लागतो आणि वीज कडाडली की पोर्ट जातात. तिथं तांब्याची केबल टाकूच नका, फायबर टाका, फायबरमधून वीज जात नाही. १०० मीटरच्या वर जायचं असेल तरी फायबरच, मल्टिमोडवर (फायबरचा एक प्रकार) गिगाबिट साडेपाचशे मीटरपर्यंत जातं. एकाच इमारतीत ६० मीटरला गरज नाही.

पॅकेटपांडू:
आता टाकून झाल्यावरचं. माझ्या मते "केबल खराब आहे" म्हणून येणाऱ्या तक्रारींतल्या बऱ्याच तक्रारी स्विचच्या निघतात, म्हणून नवी केबल ओढायच्या आधी हे बघा.

स्विचमध्ये वीज वाचवणारं जे फीचर असतं, इइइ किंवा ग्रीन इथरनेट, ते बंद पाहिजे. ते पोर्टला मध्येच झोपवतं, क्लॉक सैरभैर होतं आणि आवाज तुटतो. अनमॅनेज्ड (सेटिंग बदलता न येणाऱ्या) स्विचमध्ये ते बंद करता येत नाही, म्हणून असा स्विच घ्यायचा असेल तर ते फीचर नसलेलाच घ्या. मॅनेज्ड असेल तर क्यूओएसमध्ये (कुठलं पॅकेट आधी सोडायचं ते ठरवणारी सेटिंग) क्लॉकचे पॅकेट सगळ्यात वर, डीएससीपी (पॅकेटवरचा प्राधान्याचा आकडा) ५६, त्याखाली ऑडिओ ४६. बाकीच्यांना काही देऊ नका.

दुसरं, डांटे उपकरणाला बऱ्याचदा दोन पोर्ट असतात. ते स्विच्ड मोडमध्ये (दोन्ही पोर्ट आतून एकमेकांना जोडलेले) असतील आणि दोन्ही वायरी एकाच स्विचमध्ये लावल्या तर लूप होतो आणि अख्खं नेटवर्क झोपतं. दोन वायरी लावून बॅकअप हवा असेल तर रिडंडंट मोड आणि दुसरा स्विच वेगळा, प्रायमरी आणि सेकंडरी कुठंही एकमेकांना भेटता कामा नयेत. जादा ओढलेल्या दोन केबल यासाठीच वापरता येतील, फक्त त्या दुसऱ्या वाटेनं नेल्या तर बॅकअपला खरा अर्थ, एकाच पाइपमधून नेल्या आणि कोणी तो पाइप ड्रिल केला तर दोन्ही जातात.

तिसरं, डांटे कंट्रोलरमध्ये (कॉम्प्युटरवरचं डांटेचं सॉफ्टवेअर) लिंकचा वेग बघा. गिगाबिटला चारही जोड्या लागतात, १०० मेगाबिटला दोनच. त्यामुळे एखादी जोडी तुटली तर कितीतरी वेळा लिंक पूर्ण जात नाही, गुपचूप १०० वर उतरते. थोडे चॅनल असतील तर आवाज व्यवस्थित येत राहतो आणि कोणाला कळत नाही, पूर्ण बँड उभा राहिला की मग बोंब. १ जी दिसायला पाहिजे तिथं १०० दिसलं की ती केबल परत पंच करा. तिथंच एररचा आकडा असतो, तो शून्यावर पाहिजे आणि तासभर पूर्ण चॅनल चालवूनही शून्यावरच राहिला पाहिजे.

सोनेरीकान:
पॅकेटपांडू, कॅट ८ वरून आपण सहमत होणार नाही, सोडा. पण एक सरळ प्रश्न, वायफायवरून डांटे का नाही? एवढी केबल ओढायचा त्रासच वाचेल की.

पॅकेटपांडू:
नेहमीचं डांटे वायफायवर चालत नाही. क्लॉकची अचूकता मायक्रोसेकंदाच्या खाली लागते आणि वायफायमध्ये पॅकेट कधी पोचेल याचा भरवसा नसतो. टॅबलेटवरून मिक्सर हाताळायला वायफाय ठीक, ऑडिओला केबलच.

फेडरवाला:
बॉक्स खरवडून बघितला. वरून तांबडी, आतून चंदेरी!! वर कॅट ६ आणि शुद्ध तांबं असं दोन्ही छापलेलं. परत देतोय, पण देणारा म्हणतोय की ब्लेडनं काही सिद्ध होत नाही, तुम्हाला कळत नाही. त्याला काय दाखवू?

जोडीचापीळ:
मल्टिमीटर दाखवा. बॉक्समधून ६० मीटर मोजून कापा, जॅकेटवर मीटरचे आकडे छापलेले असतात त्यावरून मोजा म्हणजे वाद नको. एका टोकाला निळ्या जोडीच्या दोन तारा एकत्र पिळा, दुसऱ्या टोकाला त्याच जोडीवर मीटर लावा. स्टँडर्डनुसार एका तारेला १०० मीटरला जास्तीत जास्त ९.३८ ओहम, म्हणजे ६० मीटरच्या जाऊन-येऊन जोडीला सव्वाअकराच्या वर जाता कामा नये. २३ गेजचं चांगलं तांबं असेल तर आठच्या आसपास दाखवेल. मीटरच्या वायरीचा स्वतःचा रेझिस्टन्स आधी दोन प्रोब एकमेकांना टेकवून बघून घ्या आणि तेवढा वजा करा. २४ गेजच्या सीसीएला साधारण पंधरा-सोळा येतं, २३ ची असेल तर बारा-तेरा. त्याच्यासमोरच मोजा. आणि ब्लेडनं खरवडलेली तार पण घेऊन जा, चंदेरी दिसते ते काय आहे हे त्यालाच सांगू दे.